रूथच्या दगडावरचं नाव

रवि. १४ फेब्रुवारी १९४३
उपासनेला गेलो नाही. रूथचा ताप उतरत नाही, आज खोकल्यात पुन्हा रक्त. मिशनच्या डॉक्टरनं सरळ सांगितलं, मास्तर, आता औषधापेक्षा माणसं जवळ असू द्या. एस्तेर शाळेतून रजा काढून आईपाशी बसली आहे. आमची एकुलती एक. वीस वर्षांची पोर, आठवड्यात चाळिशीची दिसायला लागली.
दुपारी एस्तेर विहिरीवर गेल्याचं पाहून रूथनं मला जवळ बोलावलं. "मास्तर, माज्यावर दगड घालाल ना? त्याच्यावर यमुना लिवा."
म्हटलं, बरी होशील, दगडाचं काय काढलंस. पण ऐकलं ते ऐकलंच. यमुना हे तिचं बाप्तिस्म्याआधीचं नाव. बावीस वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून मी ते दोनदा ऐकलं असेल नसेल.

बुध. १७ फेब्रु.
पुन्हा तेच. "त्यो आला तर यमुनालाच हुडकील. रूथ कोन, त्याला काय ठावं?"
त्यो म्हणजे तिचा मुलगा, गणपत. पाथर्डीकडच्या गावी सासरी राहिला तो राहिलाच. लग्नाआधी तिनं मला काही लपवलं नव्हतं. म्हणाली होती, मी विधवा, दुष्काळात इथं आले, दोन वर्षांचं पोर सासूनं ठेवून घेतलं. एस्तेरला हे कळू द्यायचं नाही, असं पुढं आम्ही दोघांनी ठरवलं. त्यानंतर विषय बंद. फक्त पाथर्डीचा कोणी माणूस सोनईच्या बाजारात भेटला की विचारायची, पाऊस झाला का तिकडं? मला वाटे, मुलखाची ओढ.
आता राग येतो आहे, लिहूनच टाकतो. हिला रूथ म्हणून मी ओळखलं, पाटीवर अक्षरं मी गिरवून घेतली, बायबलबाई म्हणून खेडोपाडी बायकांना बायबल वाचून दाखवत फिरण्याइतकी तयार केली. आणि जाताना ही माझ्याकडं पाठ करून दुसऱ्याच घराच्या नावानं निघाली.
मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "बघू न्हाई. लिवा."

सोम. २२ फेब्रु.
रूथ सकाळी गेली. एस्तेरच्या हातात हात होता. मी दारात उभा होतो.

मंगळ. २३ फेब्रु.
पेटीला लाकूड मिळेना. लढाईनं सगळं गिळलं. शेवटी शाळेच्या कपाटाच्या फळ्या काढल्या. सुताराला म्हटलं, खडूचे डाग आतल्या बाजूला घे.
जमीन कडक, खाली मुरूम लागला. गाणं सरेपर्यंत खड्डा पुरा होईना, म्हणून पाळकसाहेबांनी आणखी एक गाणं म्हणायला लावलं. सारजाबाई (रूथच्या जोडीनं फिरणारी बायबलबाई, आमच्या शेजारीच राहते) मोठ्यानं रडत होती. मला रडू आलं नाही. लोक बघतात म्हणून रुमाल डोळ्यांना लावला.
घरी आल्यावर एस्तेरनं चहा केला. तीन कप मांडले. मग एक उचलून ठेवला.

शुक्र. १९ मार्च
मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, मासिक सभा. आमच्याकडे दगडावरचा मजकूर आधी सभेत वाचून दाखवायचा, हात वर झाले की मग पाथरवटाकडे द्यायचा, अशी वहिवाट आहे. जन्मतारीख घालायची नाही, बाप्तिस्म्याची घालायची. पहिल्या पिढीला जन्म कुठं ठाऊक होता? आणि जुनं नाव तर मुळीच नाही. जुन्या नावाच्या शेपटाला जात येते, असं म्हातारी मंडळी सांगत.
मी वाचलं: रूथ. दावीद मास्तर यांची प्रिय पत्नी, एस्तेरची आई. बाप्तिस्मा १९१९. प्रभूमध्ये निजली १९४३.
सगळे हात वर. सारजाबाईचा हात मांडीवरच राहिला. ती माझ्याकडे बघत होती, मी कागदाकडे.

शनि. २२ मे
दगड आला. नगरहून बैलगाडीनं, गवतात गुंडाळून. पाथरवट इब्राहीम स्वतः बसवायला आला होता. अक्षरांवरून हात फिरवून म्हणाला, "खोल घातलंय मास्तर. पाऊसपाण्यानं जायचं नाही."
चांगला दिसतो. रूथपेक्षा रुंद आहे. एस्तेर बराच वेळ तिथं बसली. परत येताना म्हणाली, "बाबा, आता आई कुठंतरी आहे असं वाटतं." पोरीला त्यानं बरं वाटलं, मलाही वाटलं. यमुनाचं मनात आलं, नाही असं नाही. म्हटलं, मेलेल्या माणसाची सगळीच हौस पुरवता येत नाही.

रवि. १२ सप्टेंबर
एस्तेरला नगरचं स्थळ. मुलगा दवाखान्यात कंपौंडर, शांत, थोडा तोतरा. बाप तिथल्या मंडळीच्या पंचांपैकी, बोलायला लागला की आटोपत नाही. उपासनेनंतर स्वतःहून कबरस्तानात आला. दगड वाचला, पुन्हा वाचला. म्हणाला, "मास्तर, आजकाल कोण कुठून आलं, कोणाचं कोण, काही कळत नाही. तुमच्या घरचं कसं, सगळं दगडावर लिहिलेलं."
मी हसलो. मला अभिमान वाटला. लग्न ईस्टरनंतर ठरलं. एस्तेर स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही, पण भात करपवला, म्हणजे पसंत आहे.

मंगळ. ९ नोव्हेंबर
आज जे झालं ते क्रमानं लिहितो. नाहीतर उद्या माझं मलाच खरं वाटणार नाही.
एस्तेर शाळेत होती. फाटकाशी एक माणूस, तिशीच्या आतला, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. "रामराम. मास्तर तुमीच का? म्या यमुनाचा गणपत."
कपाळ रूथचं. तीच आडवी आठी. मी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. बेलापूरकडं ऊस तोडायला टोळी निघाली आहे, तिच्यातून एक दिवस मागं राहून आला होता. आई वारल्याचं त्याला सारजाबाईच्या सांगाव्यावरून कळलेलं.
"सांगावा उनाळ्यातच आल्ता. पर बा जित्ता हुता. तिचं नाव काडलं की काठी घ्यायचा. ह्या आखाडात गेला. मंग म्हनलं, आता जाऊन यावं."
मी विचारलं, कोण गेला?
"बा. माजा बा."
पुढं तोच बोलत होता. गावात सगळे म्हणत, यमुना पळाली. आजीनं मरताना खरं सांगितलं. दुष्काळात बाप मुंबईला गेलेला, निरोप नाही, पैसा नाही. यमुनानं गळ्यातलं डोरलं सोनईच्या बाजारात विकलं, जोंधळे घेतले, डोक्यावरून गावी नेले. सासूनं मोकळा गळा पाहिला. माझ्या लेकाचं मरण चिंतलंस म्हणाली. धान्य आत घेतलं, पोर आत घेतलं, हिला दार लावलं. "जोंधळं आमीच खाल्लं. म्याबी खाल्लं आसंल. मला काय आठवतंय."
मग घोंगडीतून एक पुरचुंडी काढली. हिरव्या बांगड्या, कुंकवाची पुडी. "आय माघात गेली, बा आखाडात. म्हंजे सवाष्नच गेली म्हना की. त्येवडं बरं जालं."
आणि माझ्या पायाला हात लावून म्हणाला, "तुमी तिला घरात ठिवून घेतली, सैपाकाला लावली. लई उपकार जालं मास्तर."
मी काय म्हणालो? मी म्हणालो, चल, दाखवतो.
दगडापाशी त्यानं मुंडासं काढलं. "काय लिवलंय?"
मी रोज वाचतो तो मजकूर. चाळीस पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज जातो. पण 'पत्नी' हा शब्द तोंडातून निघेना. दया आली म्हणून नव्हे, मला तो खरा वाटेना. मी म्हटलं, "यमुना. गणपतची आई. इथं विसावली."
त्यानं पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तसंच वाचलं. त्यानं अक्षरांत कुंकू भरलं, नेमकं रूथच्या नावात. बांगड्या मातीत अर्ध्या पुरल्या. जाताना म्हणाला, वस्तीवर मिशनची शाळा निघाली आहे, त्याची पोरगी जाते, दुसरीत आहे. "संक्रात जाली की तिला आनतो. आजीचं नाव तिच्या तोंडून ऐकायचंय."

बुध. १० नोव्हें.
पाळकसाहेबांनी बोलावलं. कबरीवर कुंकू कोणी लावलं? मी म्हटलं, तिच्या माहेरचं कोणी येऊन गेलं असावं. लहान पोरासारखं खोटं. कबरस्तानाच्या राखणदारानं वाळूनं घासून काढलं, तरी खोल अक्षरांत तांबडं राहिलंच.
तिथून थेट सारजाबाईकडे. ती डाळ निवडत होती. मी म्हटलं, नवरा जिवंत होता, तुला ठाऊक होतं?
"व्हय."
आणि तिला?
"तिला कुठं ठाव? लग्न जालं तवा तरी न्हाई." मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मास्तर, ती हितं आली तवा कपाळ मोकळं, गळा मोकळा. मडमसायबिनीनं बगितलं आन् लिवून टाकलं, विधवा. हिला कोनी इचारलंच न्हाई. विधवेला भाकरी हुती, आसरा हुता. नवऱ्याच्या बाईला परत धाडत्यात. ती गप ऱ्हायली. तुमी काय केलं आसतं?"
नंतर कळलं कधी? एस्तेर पाळण्यात असताना. पाथर्डीचा एक वाटसरू सांगून गेला, तुझा नवरा मुंबईहून आला, दुसरी केली.
"मला का नाही सांगितलं?"
"झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरगी पाळन्यात हुती."

रवि. २१ नोव्हें.
उपासनेत वाचन माझ्याकडे होतं. वाचलं. काय वाचलं ते आठवत नाही.
माझं लग्न झालं होतं की नाही? देवासमोर झालं, मंडळीसमोर झालं, मीच तर उभा होतो तिथं. आणि तिकडं एक माणूस काठी टेकत जिवंत होता. वीस वर्षं ही माझ्यासमोर ताट वाढत होती, आणि हे पोटात घेऊन झोपत होती. मला तिच्यावर चिडायचं आहे आणि चिडायला ती नाही. घरात कोणाशी बोलू? भिंतीशी? एस्तेर विचारते, बाबा, जेवण उतरत नाही का? म्हणतो, दात दुखतो.

शुक्र. २६ नोव्हें.
व्याह्यांचं पोस्टकार्ड. मंडळीचा दाखला पाठवावा, मुलीच्या आईवडिलांच्या विवाहाच्या नोंदीसह, त्यांच्या पाळकांना हवा. नेहमीची गोष्ट आहे, सगळेच मागतात. कार्ड हातात धरून मी ओट्यावर किती वेळ बसलो कोण जाणे.
हे फुटलं तर एस्तेरचं लग्न मोडतं. लग्न जाऊ दे, तिला लोक काय म्हणतील तो शब्द मी इथंसुद्धा लिहिणार नाही.

शुक्र. १० डिसेंबर
मासिक सभा. हिय्या करून अर्ज दिला. दगडावर खाली एक ओळ घालू द्यावी: पूर्वीचं नाव यमुना. कारण विचारलं. म्हटलं, तिची शेवटची इच्छा.
मंडळीचा कारभार बघणारा एक डीकन म्हणाला, तर मग मार्चमध्ये का नाही सांगितली? मी अर्जाची घडी घातली.
दुसरा म्हणाला, मास्तर, आज यमुना, उद्या माझा बाप उठून म्हणेल माझंही जुनं घाला. पाटलाचे लोक कबरस्तानातून फिरून कोण कुठल्या वाड्यातला ते वाचत बसतील. ह्यासाठी नावं टाकली का आपण?
तोही खोटं बोलत नव्हता. त्याच्या बापाला गावच्या विहिरीवर काय म्हणून हाक मारत, मला ठाऊक आहे.
पाळकसाहेब म्हणाले, घाई नको, फेब्रुवारीच्या वार्षिक सभेत पाहू. सारजाबाईनं आज हात वर केला, पण मत मोजायची वेळच आली नाही.
बाहेर पडताना तिनं मला हळूच विचारलं, "संक्रातीच्या आत व्हनार न्हाई म्हना."

रवि. २६ डिसें.
नाताळ झाला. गोड केलं नाही. एस्तेर म्हणाली, आईला करंज्या आवडत, करू का? केल्या. तिच्या हाताची चव आईसारखी आली आहे, तेलकट.
राग ओसरतो आहे असं वाटतं, पण जागी दुसरंच काही येतं. रूथला, त्या पोरीला (पोरगीच होती, अठराएकोणीस वर्षांची) मी पाहिलं तेव्हा ती मिशनच्या अंगणात दळत होती. मान खाली. मी मडमसाहेबांना म्हटलं, ह्या विधवेशी लग्न करायला माझी तयारी आहे. केवढा मोठेपणा वाटला होता मला. ती हो म्हणाली की नाही, तेही नीट आठवत नाही. मडमसाहेब हो म्हणाल्या.
पण हसायची ती. पावसात छत गळायला लागलं की भांडी मांडताना हसायची. एस्तेरला न्हाऊ घालताना गायची. ते सगळं भाकरीसाठी नव्हतं. नसावं. मला ती फार आठवते, रूथ म्हणा की यमुना.

रवि. २ जानेवारी १९४४
एस्तेरला सांगायचं ठरवून बसलो. ती लग्नाच्या साडीला काठ लावत होती. म्हटलं, एस्तेर, तुझ्या आईचं एक सांगायचं आहे. तिनं सुई थांबवून माझ्याकडे पाहिलं, इतक्या आशेनं. तिला वाटलं असावं, मी काही चांगली आठवण सांगणार. मग मी छत गळण्याची आणि भांड्यांची गोष्ट सांगितली. ती रडली. म्हणाली, तुम्ही आईबद्दल कधी बोलत नाही बाबा, बोलत जा.

शुक्र. ७ जाने.
इब्राहीमला निरोप धाडला होता, तो आला. मागल्या बाजूला बारीक अक्षरांत एक नाव काढशील का? त्यानं मागची बाजू पाहिली. "इथं घडाई नाही मास्तर, आधी दगड पाडून सपाट करावा लागंल. दोन दिवस हातोडा वाजणार. पाळकसाहेबांचं हो आहे ना?" मी म्हटलं, चल, चहा घेऊ. चहा घेऊन गेला.
गणपतला निरोप धाडून येऊ नको म्हणावं? सारजाबाई म्हणते, "माज्याच्यानं न्हाई व्हनार. आईच्या सांगन्यावरनं बोलावलेलं पोरगं म्या कसं परतवू?"
तिला वाकडं बोललो. नंतर वाईट वाटलं. माझी बाजू घ्यायला ह्या मिशनच्या वस्तीत तिच्याशिवाय आहे कोण.

सोम. १७ जाने.
भर दुपार. टोपी शोधतो म्हणून आत आलो आहे आणि हे लिहितो आहे.
गणपत आला. पोरगी बरोबर आहे, लुगड्याचं कापून शिवलेलं परकर-पोलकं, वेणीला लाल चिंधी. एस्तेरनंच फाटक उघडलं, आज शाळेला सुट्टी. मी पोचेपर्यंत तिनं दोघांना ओट्यावर बसवून गूळपाणी दिलं होतं. मला म्हणाली, "बाबा, हे आईच्या माहेरचे का? ह्यांचं कपाळ बघा." मी मान हलवली. गणपतनं तिच्या हातावर तीळगूळ ठेवला आणि मला विचारलं, "ही कोन?"
मी म्हटलं, माझी मुलगी.
"माय न्हाई वाटतं हिला," तो कीव येऊन म्हणाला. एस्तेर आत गेली होती, तिनं ऐकलं नाही. ऐकलं नसावं.
फुलं तोडते आहे आता. तीही येणार आहे आमच्याबरोबर. म्हणते, तिकडच्या माणसांना आईजवळ मी नेते, तुम्ही उन्हाचे कशाला. नको म्हणायला कारण सापडेना.
पोरगी गप्प बसणारी नाही. ओट्यावरून उतरून फाटकापाशी गेली. आमच्या फाटकावर मिशनची पाटी आहे, जुनी, जोडाक्षरांनी भरलेली, माझ्या तिसरीतल्या पोरांना धड येत नाही. तिनं बोट ठेवून मोठ्यानं वाचली. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. कुठंच अडली नाही.
गणपत हसला. "बगा मास्तर," म्हणाला.
एस्तेर हाक मारते आहे. टोपी माझ्या हातातच आहे.